साठा उत्तरांची कहाणी

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली त्या वर्षीच्या दिवाळीत भाचीने मला किंडल दिलं. पुण्याहून निघतानाच तिने त्यात वीसेक पुस्तकं भरून आणली होती. "मावशी, तुझ्यासाठी निवडून घातलीत. नाही आवडली तर शिव्या घाल." पहिलंच उघडलं तर नायक पौर्णिमेला लांडगा होणारा आणि उरलेला महिना सुतारकाम करणारा. दुसऱ्यात नायिका चेटकीण. तिसऱ्यात दोन मुलगे, त्यातला एक मेलेला. मी चहा ठेवला, चष्मा पुसला आणि लांडग्यापासून सुरुवात केली. रात्री अडीच वाजता सुतारकाम संपलं.

याला आता दोन वर्षं होतील. मैत्रिणींना वाटतं मी निवृत्तीनंतर ज्ञानेश्वरी लावलीय. मी तसं वाटू देते.

भुतांची मला सवय होती. मी वाढले सावानाच्या, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाच्या पुस्तकांवर. वाचनालय १८४० सालचं, पण आमच्या घरात त्याचा अर्थ एवढाच होता की वडिलांच्या नावावर एक पुस्तक मिळायचं आणि ते चौघांत फिरायचं. माझा नंबर शेवटचा, म्हणजे रात्री दहानंतरचा. धारप आणि मतकरी मी अशाच वेळी वाचले, गोधडीत पाय घट्ट गुंडाळून. वाड्यामागच्या पिंपळावर मुंजा आहे हे आम्हाला नळाला पाणी किती वाजता येतं इतकंच पक्कं माहीत होतं.

पण आपल्याकडचं भूत नीट बघा. ते भूत का होतं? काहीतरी राहिलं म्हणून. मुंज झाली आणि सोडमुंजीआधीच मुलगा गेला, त्याचा मुंजा झाला. बाळंतपणात बाई गेली, तिची हडळ झाली. समंधाचा जीव पुरलेल्या धनात अडकला. वासना राहिली, असं आजी म्हणायची, आणि त्या शब्दात तिला घाणेरडं काहीच वाटायचं नाही. वासना म्हणजे ताटात राहिलेला घास. पुढे गोष्टीत मात्र एकच घडायचं. मांत्रिक यायचा, लिंबू कापलं जायचं, नारळ फुटायचा आणि भूत बाटलीत जायचं. तुझं काय राहिलंय गं बाई, ते आपण बघू, असं म्हणणारं त्या वाड्यात कुणी नसायचं.

ही नवी पुस्तकं नेमकं तेच विचारतात. म्हणून मी त्यात अडकले.

त्यांचा वाचकाशी एक करार असतो. गोष्टीच्या मध्यभागी प्रेम हवं आणि शेवट गोड हवा. त्याला तिकडे 'हॅपिली एव्हर आफ्टर' म्हणतात आणि वाचणाऱ्या बायका एचईए एवढंच लिहितात. शेवट गोड नसेल तर त्या पुस्तकाला प्रेमकथा म्हणायचं असेल तर म्हणा, पण रोमान्सच्या फळीवर ठेवायचं नाही. साहित्याचा अभ्यास केलेले लोक यावर हसतात. मीही हसायचे. एचपीटी कॉलेजात मराठी घेतलं होतं, तेव्हा नायिका मेली की पुस्तकाला वजन येतं असा आमचा पक्का समज होता. खरं तर श्रावणात पाटावर बसून मी लहानपणी जे ऐकलं ते सगळं याच करारातलं होतं. ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. आवडती-नावडती राणी असो की गरीब ब्राह्मणाची सून, शेवट आधीच माहीत असायचा आणि तरी आम्ही हातातल्या अक्षता घामेजेपर्यंत ऐकत बसायचो. शेवट माहीत असला की मधलं दुःख नीट बघता येतं. भीतीने पानं उलटावी लागत नाहीत.

आता कुरकुरही करून घेते. तीनशे वर्षांचा रक्तपिपासू माणूस अकरावीच्या वर्गात बसून काय करत असतो, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. तीनशे वर्षांत एखादी पदवी तरी घ्यायची! या नायकांना हेवा फार आणि काम कमी. नायिका एकटी भाजी आणायला गेली तरी हे मागून सावलीसारखे. आपल्याकडे अशा माणसाची तक्रार करतात. आणि 'फेटेड मेट्स' हा जो प्रकार आहे, म्हणजे लांडग्याला वास आला की त्याला कळतं हीच आपली जन्माची जोडीदारीण, तो वाचताना मी मोठ्याने हसले. इतकी बंडखोरी करून शेवटी पत्रिकाच जुळवली की! आमच्याकडे निदान छत्तीसपैकी अठरा गुण जमले तरी चालतं. यांच्याकडे छत्तीसच लागतात आणि नाही म्हणायची सोय नाही.

गादीवरच्या प्रसंगांचं काय, असं भाचीने फोनवर विचारलं. तिला वाटलं मी पानं गाळते. मी नाही गाळत. गंगापूर रोडवरून नाशिकरोडला जायला मला सिटीलिंकच्या बसमध्ये बसावं लागतं आणि द्वारका चौकात बस अडकते ती अडकतेच. तिथे, खिडकीपाशी, शेजारी मेथीच्या जुड्या घेऊन बसलेल्या काकू आणि माझ्या हातात करड्या रंगाची ती निरागस पाटी. कव्हर नाही, चित्र नाही. काकू म्हणाल्या, "पोथी आलीय का यात?" मी म्हटलं, "हो, सगळंच येतं आता."

पण एक विचार त्याच बसमध्ये आला. हे सगळं मी इंग्रजीत सहज वाचते. मराठीत वाचताना कान लाल होतात. आणि त्यात माझ्या सोवळेपणाचा भाग कमी, शब्दांचा जास्त. शरीराच्या त्या भागांना आपल्याकडे एक तर संस्कृत शब्द आहे नाहीतर शिवी आहे. एकाने दवाखान्यात गेल्यासारखं वाटतं, दुसऱ्याने भांडण लागल्यासारखं. मधला, घरातला, दोन माणसं अंधारात एकमेकांना म्हणतील असा शब्द असणारच, पण तो लिहिला गेला नाही. लावणीवाल्यांनी उपमा वापरून वेळ मारून नेली, आणि काय सुंदर नेली! आमच्या पिढीच्या कादंबऱ्यांत मात्र दिवा मालवायचा आणि पुढच्या प्रकरणात सकाळचा चहा.

मग ते दोन मुलगे, त्यातला एक मेलेला. 'सिमेटरी बॉइज' नावाचं ते पुस्तक २०२० सालचं. लॉस एंजेलिसमधल्या लॅटिन कुटुंबातला एक मुलगा, जन्माने मुलगी म्हणून वाढवलेला. घरचे त्याला मुलगा मानायला अडखळतात, म्हणून तो स्वतःच विधी करून भूत बोलावतो आणि भलतंच भूत येऊन बसतं, ते जायला तयार होत नाही. हे किशोरांसाठी लिहिलेलं आहे. मी सत्तावन्न वर्षांची बाई ते दोनदा वाचून बसले. कारण तिथे घरच्यांना पितर दिसतात, त्यांच्याशी बोलता येतं, त्यांच्यासाठी ताट वाढतात, आणि तरी समोरचा जिवंत मुलगा दिसत नाही. सर्वपित्रीला वडे तळणाऱ्या घरात हे समजवावं लागत नाही.

भुताखेतांत आणि अशा प्रेमात जुनं नातं आहे. ड्रॅक्युला १८९७ सालचा. त्याच्या पंचवीस वर्षं आधी, १८७२ मध्ये, शेरिडन ले फानू या आयरिश लेखकाची 'कार्मिला' पुस्तकात आली, आणि तिच्यातली रक्तपिपासू ही एक तरुण मुलगी आहे जी दुसऱ्या मुलीवर जीव टाकते. जे उघड लिहिता येत नव्हतं ते भुताच्या तोंडी घातलं. अर्थात शेवटी कार्मिलाच्या छातीत खुंटी ठोकतात. आपला नारळ, त्यांची खुंटी.

ई. एम. फॉर्स्टर हे नाव आपल्याला भारतावरच्या कादंबरीमुळे माहीत असतं. १९२१ मध्ये तो देवासच्या मराठा महाराजांचा खासगी सचिवही होता. त्याने १९१३-१४ मध्ये 'मॉरिस' लिहिली, दोन पुरुषांच्या प्रेमाची, आणि ठरवून गोड शेवटाची. शेवट गोड नसता तर लिहायचे कष्टच घेतले नसते, अशा अर्थाचं त्याने नंतर लिहून ठेवलंय. एखाद्याने गळफास घेतला असता तर छापायला सोपं गेलं असतं, हेही त्याला ठाऊक होतं. कादंबरी १९७१ मध्ये आली, तो गेल्यानंतर. म्हणजे छापील पुस्तकात दोन माणसं सुखाने नांदवायला लेखकाला आधी मरावं लागलं.

आपल्याकडे तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगमंचावर आलं. किती धीट नाटक, आणि मित्रा शेवटी जीव देते. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'त, २००६ च्या, भाऊ आणि बहीण एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात, तो दोघांना सोडून जातो. तिथे निदान बहीण-भाऊ जगतात. याला मी प्रगती म्हणते, आणि यात चेष्टा नाही. दोन्ही लेखन अव्वल आहे, त्याची भाचीच्या किंडलमधल्या बहुतेक पुस्तकांशी तुलना नको. तरी मला आता अव्वल नसलेलं, बेतानेच बरं लिहिलेलं, पण शेवटी दोघी जणी एका घरात कांदे चिरत बसल्यात असं एखादं मराठी पुस्तक हवंय. भरपूर हवीत. रेल्वे स्टेशनवर मिळतील इतकी.

दोघी जणी मी पाहिल्या होत्या, म्हणून म्हणते.

माझी आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती आणि तिच्यासोबत बाई राहायच्या. बाई मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवायच्या. सराफ बाजाराच्या मागे एका वाड्यात दोन खोल्या, आत्याच्या नावावर पागडीच्या. गोदावरीला पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याची बातमी यायची, आणि मग दोघी धान्याचे डबे माळ्यावर चढवायच्या. बत्तीस वर्षं त्या तिथे राहिल्या. नातेवाईक म्हणायचे, बरं झालं, एकटीला सोबत झाली. कुणाला कुणाची सोबत झाली हे वाक्यात कधीच स्पष्ट नसायचं. लग्नाच्या पत्रिकेवर आत्याचं नाव असायचं आणि खाली 'व बाई'.

सुट्टीत मी तिथे असायचे. एकदा मटार सोलताना बाईंनी शूर्पणखेची गोष्ट काढली. आमच्या गावाचं नावच त्या नाकावरून पडलं अशी आख्यायिका, तपोवनात तो प्रसंग मूर्तींमध्ये उभा केलाय, शाळेच्या सहलीत आम्ही तो बघून खिदळलो होतो. बाई म्हणाल्या, वाल्मीकींची शूर्पणखा खोटं काही सांगत नाही. आल्या आल्या स्वतःचं नाव सांगते, राक्षसी आहे सांगते, हवं ते रूप घेता येतं सांगते, आणि मग म्हणते, तू मला आवडलास. राम म्हणतो, माझं लग्न झालंय, त्या धाकट्याकडे जा. धाकटा म्हणतो, मी तर दास, मोठ्याकडेच जा. चेंडूसारखी टोलवली तिला दोघांनी. तिथे वाल्मीकी तिच्यासाठी एक शब्द वापरतात, परिहासाविचक्षणा. थट्टा न कळणारी.

"एवढी शहाणी राक्षसी, तिला थट्टा कशी नाही कळली?" मी विचारलं.

बाई शेंगेत बोट घालून दाणे काढत होत्या. "ती खरं बोलत होती ना," त्या म्हणाल्या. "खरं बोलणाऱ्याला समोरचा थट्टा करतोय हे उशिरा कळतं."

आत्या सिंकपाशी होती. तिने वळून बाईंकडे पाहिलं आणि पुन्हा भांडी घासायला लागली. मी चौदा वर्षांची होते. मटार मोजत होते.

आत्या गेली १९९६ च्या मे महिन्यात. दहावा रामकुंडापाशी. आमचं गावच दहाव्यांचं, बाहेरगावाहून लोक अस्थी घेऊन येतात, पण स्वतःच्या माणसासाठी त्या दगडी पायऱ्या उतरताना घाट निराळाच दिसतो. ऊन रणरणत होतं. काकांनी विधी केले. पिंड मांडले, सगळे मागे सरले. घाटावर कावळ्यांना कधी तोटा नसतो. आमच्या पिंडाला एक शिवेना. एक कावळा भिंतीवर येऊन बसला, मान वाकडी करून बघत राहिला आणि तिथेच चोच घासू लागला.

मग इच्छा बोलायला सुरुवात झाली. काका हात जोडून म्हणाले, गावच्या जमिनीची वाटणी भांडण न करता करू. कावळा बसलेलाच. वडील म्हणाले, तुझ्या नावाने शाळेला देणगी देऊ. काकू म्हणाल्या, धाकटीचं लग्न यंदा नक्की उरकू. धाकटी म्हणजे मी. त्यावर कावळा उडून पलीकडच्या लोकांच्या पिंडावर गेला.

बाई कुठे होत्या? आम्ही सगळे पायऱ्या उतरून गेलो होतो, आणि वर सावलीचा तुकडाही नव्हता तिथे त्या आमच्या चपलांपाशी बसल्या होत्या. चपला कुणीतरी सांभाळायला हव्या होत्या, काकू जाताना सहज म्हणाल्या होत्या, "बाई, तेवढं बघाल?" पंधरा-सोळा जोड. त्यांनी ते ओळीने लावून ठेवले होते.

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. बाईंना आम्ही बघू, एवढे तीन शब्द. मला खात्री होती, आजही आहे, की तेवढं म्हटलं असतं तर कावळा आला असता. पण मी म्हटलं नाही. अठ्ठावीस वर्षांची होते, बँकेत नोकरीला होते, पगार माझा मला मिळत होता. तेवढ्या माणसांत ते वाक्य मी का बोलते आहे याचं उत्तर द्यावं लागलं असतं आणि ते उत्तर माझ्या स्वतःच्या किती जवळून जातं याची मला भीती वाटली. गुरुजींनी घड्याळ बघितलं, मागे दुसरे लोक थांबले होते. त्यांनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला. झालं.

खोल्या महिन्याभरात मालकाला परत दिल्या, पागडीचे पैसे घरात वाटले गेले. बाईंना विचारलं, तुम्हाला आठवण म्हणून काही हवंय का. त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय मागितलं. सगळ्यांना गंमत वाटली, अजून सात पानं उरलेली होती म्हणून नेत असतील. त्या कॅलेंडरवर आत्या दुधाचा हिशेब लिहायची. तारखेखाली बारीक अक्षरात 'अर्धा', 'अर्धा', 'पाऊण, खीर', 'बाई वणीला, पाव', 'बाई आल्या, अर्धा'. मी ते खिळ्यावरून काढून त्यांच्या पिशवीत घालून दिलं. तेवढंच केलं.

काकूंचं वचन कुणालाच पाळता आलं नाही, ते असो.

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तेव्हा मी शाखेतच होते. कुणीतरी मोबाईलवर वाचून दाखवलं, समलिंगी संबंधांना गुन्हा म्हणणारं ३७७ गेलं म्हणून, आणि कॅशच्या खिडकीपाशी एक विनोद झाला. मी हसले. परिहास मला चांगला कळतो, आयुष्यभर कळत आला. २०२३ च्या ऑक्टोबरात लग्नाच्या हक्काला त्याच न्यायालयाने नाही म्हटलं, तोवर मी किंडलवाली झाले होते आणि हसायची सवय जरा सुटली होती.

बाई आता सत्याऐंशीच्या आहेत. नाशिकरोडला पुतणीकडे असतात. दोन्ही मोतीबिंदूंची ऑपरेशनं झालीत, तरी अक्षर फार वेळ टिकत नाही. मी दर गुरुवारी जाते. सुरुवातीला मी शहाण्यासारखी चांगली पुस्तकं न्यायचे. एके दिवशी त्या म्हणाल्या, "तू बसमध्ये काय वाचतेस, ते वाच की." मी म्हटलं, इंग्रजी आहे, भुताचं आहे. त्या म्हणाल्या, मग मराठीत सांगत वाच.

गेल्या महिन्यापासून आम्ही 'अंडर द व्हिस्परिंग डोअर' घेतलंय. टी. जे. क्लून याचं, २०२१ चं. एक खडूस वकील मरतो. त्याच्या अंत्यविधीला मोजकी माणसं येतात आणि कुणाला रडू येत नाही. त्याला एका चहाच्या दुकानात आणतात, जिथला मालक मेलेल्यांना पैलतीरी पोचवायचं काम करतो. मालक जिवंत, हा मेलेला, आणि हळूहळू दोघांचं जमतं. हात लावता येत नाही. मी 'फेरीमन'ला नावाडी म्हणते, 'रीपर'ला यमदूत म्हटलं तर बाईंना ते आवडलं नाही, "मूळ म्हण, न्यायला आलेली," म्हणाल्या. तेव्हापासून ती मुलगी आमच्याकडे 'मूळ'च आहे. दुकानात मालकाच्या आजोबांचं भूत आहे आणि मेलेला कुत्राही आहे. कुत्रा बाईंचा लाडका. तो आला नाही की त्या विचारतात.

मागच्या गुरुवारी मी तिथवर आले जिथे दोघं एकमेकांसमोर हात धरतात, मध्ये बोटभर हवा ठेवून. त्याहून जवळ येणं शक्य नाही. मी ते मराठीत सांगताना अडखळले. योग्य शब्द सापडत नव्हता, जवळपास म्हणावं की जवळजवळ. बाईंनी हात वर केला, थांब म्हणून. पुतणी चहा ठेवून गेली होती, त्यावर साय धरली होती. बाईंनी ती चमच्याने बाजूला केली.

"पुढचं तू वाचलंयस?"

"वाचलंय."

"शेवटी कावळा शिवतो का?"

त्यांचे डोळे माझ्याकडे नव्हते, बशीकडे होते. मी म्हटलं, "शिवतो, बाई. खरा शिवतो."

त्यांनी मान हलवली. "त्या दिवशी ऊन फार होतं गं वर," त्या म्हणाल्या. मग चहाचा घोट घेतला. "हं. वाच. आणि कुत्र्याचं गाळू नकोस."